प्लाझ्मा बदलला, मग स्टिरॉइड कशाला?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

पावसाळा लागला की माझ्या टपालात प्लेटलेटची पत्रं वाढतात. बहुतेक डेंगीची असतात. यंदा धायरीहून आलेलं एक पत्र मात्र वेगळ्याच आजाराचं आहे, आणि त्यातला प्रश्न इतका नेमका आहे की अर्धंअधिक पान मी त्यालाच दिलंय. हिमोग्लोबिन आणि बी-१२ वाल्यांनी रागावू नये. तुमची पत्रं पुढच्या अंकात.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझ्या पत्नीला (वय ३४) जुलैमध्ये ताप, प्रचंड थकवा आणि पायांवर जांभळे ठिपके आले. प्लेटलेट ११ हजार. आमच्या भागात तेव्हा घरोघरी डेंगी होता, म्हणून पहिल्या हॉस्पिटलात डेंगी समजूनच दाखल केलं आणि प्लेटलेटच्या पिशव्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी ती बोलताना शब्द चुकवायला लागली. मोठ्या हॉस्पिटलात हलवलं तेव्हा टीटीपी (थ्रॉम्बॉटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा) आहे असं कळलं. मानेत नळी घालून रोज प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला पातळ द्रव, म्हणजे प्लाझ्मा, बदलणं) केलं, सोबत स्टिरॉइड आणि सलाइनमधून रिटुक्सिमॅब. आता ती घरी आहे, प्लेटलेट काउंट दोन लाखांच्या वर आहे. मला समजत नाही ते असं की, खराब प्लाझ्मा काढून चांगला घातला, तर वर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कशासाठी? स्टिरॉइडने तिचा चेहरा सुजलाय, रात्रभर झोप नाही, चिडचिड होते. माझ्या मेव्हण्याने वाचलं की अमेरिकेत प्लाझ्मा एक्स्चेंजबरोबर सायक्लोस्पोरिन देऊन बघितलं होतं. ते आपल्याकडे का दिलं नाही? स्टिरॉइडचा त्रास तरी वाचला असता.
– एक वाचक, धायरी

उत्तर : तुमच्या पत्नी घरी आल्या हे वाचून बरं वाटलं. टीटीपीवर उपचार झाले नाहीत तर दहापैकी नऊ रुग्ण दगावतात, असा जुना हिशेब आहे. तेव्हा त्या ज्यातून बाहेर आल्या ते लहान दुखणं नव्हतं.

आता मूळ भानगड. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाचं प्रथिन लांबलचक धाग्यांच्या रूपात बाहेर पडतं. हे धागे कापून आखूड करायला रक्तात एक एन्झाइम असतं, त्याचं नाव अ‍ॅडॅम्ट्स-१३. ही आपल्या रक्तातली कात्री. तुमच्या पत्नीच्या शरीराने या कात्रीविरुद्धच अँटिबॉडी, म्हणजे एरवी जंतूंविरुद्ध वापरायची प्रथिनं, तयार केल्या. धागे न कापता लांबच राहिले, त्यांना प्लेटलेट चिकटत गेल्या आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या बसू लागल्या. शब्द चुकत होते ते यामुळे. काउंट ११ हजार दिसत होता, कारण बाकीच्या प्लेटलेट गुठळ्यांत खर्ची पडल्या होत्या. म्हणूनच या आजारात जीवघेणा रक्तस्राव होत नसेल तर प्लेटलेट चढवायचं टाळतात. पहिल्या डॉक्टरांवर मी इथे बसून खापर फोडणार नाही. जुलैतल्या पुण्यात ताप आणि कमी प्लेटलेट म्हटलं की कुणाच्याही तोंडी आधी डेंगीच येतो. पण एक सांगते, कारण हे पान डॉक्टरही वाचतात. डेंगी बळावतो तेव्हा रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) वर जातं. टीटीपीत उलट हिमोग्लोबिन घसरतं, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम) चढतं, आणि स्मीअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, नीट पाहिला तर लाल पेशींचे फाटके तुकडे दिसतात. स्मीअरला चार पैसे लागतात आणि तो पाहणारा जागा असावा लागतो, बस्स.

प्लाझ्मा एक्स्चेंज दोन कामं करतं. रुग्णाच्या प्लाझ्मातल्या अँटिबॉडी आणि ते लांब धागे बाहेर काढतं, आणि दात्यांच्या प्लाझ्मातून नवी कात्री आत घालतं. पण अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी प्लाझ्मात तरंगत नसतात. त्या प्लीहेत, लसिकाग्रंथींत, अस्थिमज्जेत ठाण मांडून असतात. मशीन त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. दुपारी एक्स्चेंज संपलं की त्या पेशी रात्रभर पुन्हा अँटिबॉडी ओतत बसतात, आणि सकाळी आपण परत मशीन लावतो. एक्स्चेंज माणसाला जगवतं, पण आजाराचा उगम बंद करत नाही. उगमावर काम करतात ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. नुसत्या एक्स्चेंजवर काउंट चढलेला रुग्ण एक्स्चेंज थांबवल्यावर आठवड्याभरात पुन्हा खाली आलेला मी पाहिलाय, आणि असा रुग्ण एखादाच नव्हता.

स्टिरॉइड लवकर कामाला लागतं, पण ते सरसकट सगळ्यांनाच दाबतं. रिटुक्सिमॅब बी-लिम्फोसाइट या एकाच जातीच्या पेशींवर जातं, मात्र त्याचा परिणाम दिसायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत एक्स्चेंज आणि स्टिरॉइड धरून ठेवतात, तोवर रिटुक्सिमॅब मागून येतं. तुमच्या लक्षात आलं असेल, ते एक्स्चेंज संपल्यावर लगेच देतात आणि पुढचं एक्स्चेंज शक्य तितकं लांबवतात. नाहीतर ते महागडं औषध जुन्या प्लाझ्माबरोबर पिशवीत जाऊन बसतं. ब्रिटनमध्ये ४० रुग्णांना एक्स्चेंज आणि स्टिरॉइडबरोबर सुरुवातीलाच रिटुक्सिमॅब दिलं होतं. २०११ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात १० टक्के रुग्णांमध्ये आजार उलटला; ते औषध न मिळालेल्या आधीच्या रुग्णांत हे प्रमाण ५७ टक्के होतं. तुलना जुन्या नोंदींशी होती, कुणाला औषध द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, हे ध्यानात ठेवूनही आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

आता मेव्हण्यांचं सायक्लोस्पोरिन. त्यांनी वाचलं ते खरं आहे, फक्त शेवटपर्यंत वाचलं नाही. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना हे औषध वर्षानुवर्षं देतात. टी-पेशींना ते आवर घालतं, आणि टी-पेशींच्या चिथावणीशिवाय बी-पेशी फारशा अँटिबॉडी करत नाहीत. तर्क चोख होता. थोड्या रुग्णांवरचे सुरुवातीचे अनुभवही चांगले होते. म्हणून अमेरिकेतल्या ओहायोच्या डॉक्टरांनी सरळ सामना लावला: सगळ्यांना प्लाझ्मा एक्स्चेंज, आणि सोबत एका गटाला सायक्लोस्पोरिन, दुसऱ्याला प्रेडनिसोन हे स्टिरॉइड, म्हणजे आपल्या प्रेडनिसोलोनचंच भावंड. आजार इतका विरळ की अनेक वर्षं खपून २६ रुग्ण जमले. निकाल २०१७ मध्ये छापून आला. अँटिबॉडी खाली आणण्यात आणि अ‍ॅडॅम्ट्स-१३ वर आणण्यात स्टिरॉइड सरस ठरलं. आजार उलटण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत ठाम फरक दिसला नाही. २६ माणसांत तो दिसणं अवघडच.

मला हा निकाल फार आवडतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळणाऱ्या जुन्या गोळीने नव्या, दिमाखदार तर्काला हरवलं. आणि आणखी एक गोष्ट: सायक्लोस्पोरिनने मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब चढतो, रक्तातली पातळी मोजत राहावी लागते, आणि क्वचित ते स्वतःच बारीक वाहिन्यांत गुठळ्या करतं. तेव्हा त्रास वाचला असता असं काही नाही. दुसरीकडे त्याचं नाव कायमचं खोडलेलंही नाही. बाकी औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत आजही त्याचा विचार होतो. पहिल्या फळीत ते नाही, एवढंच.

चेहऱ्याची सूज डोस उतरला की उतरेल. गोळी सकाळी, खाल्ल्यावर घ्यायची. संध्याकाळी घेतली तर झोप उडणारच. मनाने बंद करू नका, अर्धीसुद्धा नाही. साखर आणि रक्तदाब तपासत राहा.

काउंट दोन लाख आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. यापुढे तुमचा खरा आकडा अ‍ॅडॅम्ट्स-१३ चा. आजार जोरात असताना तो १० टक्क्यांच्या खाली असतो. सुरुवातीला दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी, पुढे सहा महिने ते वर्षाने, असा तो बघतात. तो पुन्हा फार घसरला तर काउंट चांगला असतानाच रिटुक्सिमॅब देऊन पुढचा झटका टाळता येतो. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली होती का, हे फाइलमध्ये बघा; झाली नसेल तर डॉक्टरांना आजच विचारा. रिटुक्सिमॅबनंतर वर्षभर गर्भधारणा टाळायची, पण त्यासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या नकोत. पुढे मूल हवं असेल तर आधी रक्तविकारतज्ज्ञ, मग बाकी सगळं. ताप, नवे ठिपके, गडद लघवी, बोबडी वळणं, छातीत दुखणं यांतलं काही झालं तर फोनवर सल्ला घेत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा आणि दारातच ‘टीटीपी’ म्हणून सांगा.

बिलाबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण एक्स्चेंजचं बिल मला ठाऊक आहे. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर महाराष्ट्रात १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. तिथल्या समाजसेवकाला उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटा. पुढच्या वेळी दाखल होताना नव्हे, आत्ताच.

प्रश्न : मी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला क्लिनिकल ट्रायल शिकवताना सरांनी टीटीपीचं उदाहरण दिलं. माणूस मरायला टेकलेला असताना चिठ्ठी टाकून अर्ध्यांना औषध द्यायचं आणि अर्ध्यांना नाही, हे क्रूर नाही का? मला रात्रभर ते डोक्यातून जाईना.
– एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : अगं, हा प्रश्न पडला म्हणजे तू योग्य विषय घेतलायस. पण आधी एक दुरुस्ती: ‘अर्ध्यांना औषध नाही’ असं यात होत नाही. टीटीपीच्या कुठल्याही चांगल्या चाचणीत जे आधीपासून सिद्ध आहे ते सगळ्यांना मिळतं. चाचणी असते ती त्यावर काय जोडायचं याची.

प्लाझ्मा एक्स्चेंज स्वतः असंच सिद्ध झालं. १९२४ साली न्यूयॉर्कच्या मॉश्कोविट्झ यांनी या आजाराची पहिली नोंद केली, ती सोळा वर्षांच्या मुलीची. ती वाचली नाही. पुढची कित्येक दशकं डॉक्टर सुचेल ते करत होते, प्लीहा काढणं, ॲस्पिरिन, रक्त बदलणं, आणि प्रत्येकाला आपलाच उपाय लागू पडतोय असं वाटे. मग कॅनडातल्या डॉक्टरांनी १०२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. ५१ जणांना प्लाझ्मा नुसता चढवला, ५१ जणांचा बदलला. १९९१ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांत चढवलेल्या गटातले ३७ टक्के गेले, बदललेल्या गटातले २२ टक्के. ती चाचणी झाली नसती, तर धायरीच्या त्या बाईंना काय मिळालं असतं याचा विचार कर. क्रूर काय, ते मग ठरव.

चिठ्ठी तेव्हाच टाकतात जेव्हा कुठली बाजू बरी हे प्रामाणिकपणे कुणालाच माहीत नसतं. सायक्लोस्पोरिनचं बघ. ओहायोतल्या एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकाला तेव्हा वाटलं असेल, आमच्या माणसाला जुनं स्टिरॉइडच मिळालं, नशीब खोटं. आणि जिंकलं काय?

खरी अडचण क्रौर्याची नाही, माणसं मिळण्याची आहे. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींप्रमाणे दहा लाखांमागे वर्षाला दोन-चार नवे रुग्ण. त्या प्रमाणाने अख्ख्या पुण्यातले वर्षभराचे रुग्ण पीएमटीच्या एका बसमध्ये बसतील. (पीएमपीएमएल म्हणायचं हे मला माहीत आहे.) अमेरिकेत एक्स्चेंजबरोबर रिटुक्सिमॅब द्यावं की नाही यासाठी चिठ्ठ्यांची चाचणी काढली, ती रुग्णच मिळेनात म्हणून मध्येच गुंडाळावी लागली. शिवाय डॉक्टरांना तोवर रिटुक्सिमॅबचा इतका भरवसा वाटू लागला होता की ते न मिळणाऱ्या गटात रुग्ण टाकायला हात धजेना. म्हणूनच आज एक्स्चेंज आणि स्टिरॉइडची शिफारस ठामपणे होते आणि रिटुक्सिमॅबची जरा हात राखून. पुरावा तेवढाच आहे.

तुझ्या सरांना एक गोष्ट विचार. कॅप्लासिझुमॅब नावाचं नवं औषध आहे. ते प्लेटलेटला त्या लांब धाग्यांना चिकटूच देत नाही. १४५ रुग्णांच्या चाचणीत, जिचा निकाल २०१९ मध्ये आला, सगळ्यांना एक्स्चेंज आणि प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार होतेच. चिठ्ठी होती फक्त या औषधाची. काउंट लवकर चढला, उपचार चालू असताना आजार उलटणं बरंच घटलं. पण औषध बंद केल्यावर ज्यांचा आजार परतला, त्यांचं अ‍ॅडॅम्ट्स-१३ तोवर १० टक्क्यांच्या खालीच होतं. गुठळ्या थांबल्या होत्या, अँटिबॉडी तशाच होत्या. परीक्षेत ‘प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची गरज सोदाहरण स्पष्ट करा’ आलं तर हेच लिही.

आणि आपल्याकडचे नियम पाठ कर, नुसते वाचू नकोस. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणी आधी नोंदवावी लागते, नैतिकता समितीची मंजुरी लागते, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई ही चाचणी करणाऱ्यांची जबाबदारी. संमतिपत्र रुग्णाला समजेल त्या भाषेत हवं. टीटीपीत रुग्ण बरळत असतो, तेव्हा सही नवऱ्याची किंवा भावाची होते. अशा सहीच्या वेळी मी नातेवाइकांना एकच विचारायला सांगायची, ‘आम्ही नाही म्हटलं तर आमच्या माणसाला नेमकं काय मिळणार?’ या प्रश्नाला डॉक्टर अडखळले, तर सही करू नका.

प्रश्न : टीटीपीत प्लेटलेट वाढवायला पपईच्या पानांचा रस, ड्रॅगन फ्रूट, किवी चालेल का?
– एक आजी, औंध

उत्तर : किवी चवीला खा. पानांचा रस नको. टीटीपीत प्लेटलेट कमी बनत नाहीत, त्या गुठळ्यांत अडकतात. बनवणं वाढवून हाती काही लागत नाही. रसाच्या नादात हॉस्पिटलात जायला उशीर झाला तर मात्र पुष्कळ बिघडतं.

प्रश्न : आमचं मंडळ दरवर्षी गणपतीत रक्तदान शिबिर घेतं. मागच्या वर्षी ३०० पिशव्या झाल्या. आम्हाला वाटायचं रक्त अपघातवाल्यांना जातं. रक्तपेढीतल्या ताई म्हणाल्या, प्लाझ्मा वेगळा काढून एका टीटीपीच्या पेशंटला दिला. एकाच माणसाला इतका कसा लागतो? काही भेसळ-बिसळ तर नाही ना?
– एक कार्यकर्ता, कसबा पेठ

उत्तर : भेसळ नाही, हिशेब आहे. माणसाच्या वजनाच्या दर किलोला साधारण ४० मिली प्लाझ्मा असतो. ६० किलोच्या बाईंचा एकूण २४०० मिली. एक्स्चेंजमध्ये दररोज तेवढा किंवा त्याच्या दीडपट बदलतात. तुमच्या एका दात्याच्या पिशवीतून जेमतेम २०० मिली प्लाझ्मा निघतो. म्हणजे एका दिवसाला बारा ते अठरा दाते, आणि काउंट दीड लाखांवर जाऊन दोन दिवस टिकेपर्यंत हे रोज. आठवड्याभरात शंभराच्या आसपास पिशव्या सहज जातात. तुमच्या ३०० पिशव्यांतल्या लाल पेशी अपघातवाल्यांना, बाळंतिणींना, थॅलेसेमियाच्या मुलांना गेल्या. प्लेटलेट पाच दिवसांत डेंगीवाल्यांना. आणि प्लाझ्मा उणे ३० अंशांवर गोठवून वर्षभर ठेवता आला, म्हणून गणपतीतलं दान पुढच्या पावसाळ्यातही उपयोगी पडतं.

गटाचीही एक गंमत आहे. लाल पेशी देताना ओ निगेटिव्ह गट सगळ्यांना चालतो, प्लाझ्मात उलट, एबी गट सगळ्यांना चालतो. एबीचे दाते तसे कमीच, आणि ‘आमच्या रक्ताला काय मागणी’ म्हणून शिबिरात मागे उभे राहतात. त्यांना यंदा पुढे आणा.

अजून एक. शिबिर एकाच रविवारी उरकण्यापेक्षा शेजारच्या मंडळांशी ठरवून महिना-दीड महिन्याच्या अंतराने घ्या. लाल पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. गणपतीत पेढीतले फ्रीज भरून वाहतात आणि मे महिन्यात आम्ही नातेवाइकांना ‘दाते आणा’ म्हणून पिटाळत असू. मिक्सर, हेल्मेट, जेवणाचे डबे वाटणं बंद करा. भेटीच्या मोहाने माणूस कावीळ लपवतो. चहा-बिस्किट पुरे.